करदात्यांनो, आपलं नाव सांभाळा!

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे लेखी रूप. कार्यकारिणीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी दिलं आहे.)



काल याच मंचावर नाट्यगीतांचा कार्यक्रम रंगला. उद्या मुलांचं नाटक आहे. या दोहोंच्या मधल्या दिवशी इन्कमटॅक्सवर व्याख्यान ठेवण्याचं धाडस कार्यकारिणीने केलं, याबद्दल तिचं अभिनंदन! आरती साडेसातला आहे आणि आत मोदक तयार आहेत, हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा कलमं आणि पोटकलमं यांत तुम्हाला अडकवणार नाही. कर किती भरायचा आणि कसा वाचवायचा, हा आजचा विषयच नाही. कराचं नाव पुढे करून आपल्याला लुबाडणारे आणि आपलं नाव चोरून त्यावर व्यवहार करणारे, अशा दोन प्रकारच्या भामट्यांबद्दल मी बोलणार आहे.

बेंगळुरूत बरीच वर्षं मी करसल्लागाराचं काम करतो. पूर्वी लोक एकच प्रश्न विचारायचे, "रिफंड कधी येणार हो?" आता वर्षभर वेगळेच फोन येतात. "हा मेसेज खरा आहे का?" "माझ्या नावावर कर्ज दिसतंय, मी तर घेतलंच नाही." "नोटीस आलीय, पण त्यातल्या कंपनीचं नावसुद्धा मी कधी ऐकलेलं नाही." हे विचारणाऱ्यांत इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. तेव्हा फसतो तो अडाणी, हा समज आपण आधी सोडून देऊ.

आपल्याला धोका जास्त का?

आपण गाव सोडून आलेली माणसं. परक्या गावात आपली ओळख कागदांवर उभी असते. भाड्याचं घर घ्यायचं, द्या पॅन आणि आधारची झेरॉक्स. सिमकार्ड, गॅस, मुलांची शाळा, नवी नोकरी, सोसायटीचा फॉर्म, सगळीकडे तेच. दहा वर्षांत चार घरं बदलणारी कुटुंबं या सभागृहात कितीतरी असतील. आपल्या कागदांच्या प्रती आज कुणाकुणाच्या कपाटात आणि मोबाइलमध्ये पडून आहेत, हे त्यांतल्या एकालाही सांगता यायचं नाही. घराच्या दलालाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पॅनकार्डचा फोटो आपण विसरून जातो, पण तो फोटो तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांचे आई-वडील तिकडे पुण्याला, नागपूरला, सांगलीला एकटे राहतात. त्यांचं रिटर्न इथून मुलगा भरतो. भामट्याचा फोन मात्र तिकडे आई-वडिलांना जातो. हिंदीत किंवा इंग्रजीत, साहेबी आवाजात कुणी धाक घातला की शेजारी विचारायलाही कुणी नसतं.

रिफंडचं आमिष

पहिला प्रकार आमिषाचा. २०२३ साली एक मेसेज देशभर फिरत होता. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. मेसेजचा आशय असा : तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे. तो अमुक आकड्यांनी संपणाऱ्या खात्यात लवकरच जमा होईल. हा खाते क्रमांक बरोबर नसेल तर खालच्या लिंकवर जाऊन दुरुस्त करा.

यातली मेख लक्षात घ्या. मेसेजमधला खाते क्रमांक मुद्दामच चुकीचा दिलेला असतो. 'बक्षीस लागलं' म्हटलं की आपण सावध होतो. पण आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाणार असं कळलं की माणूस ते थांबवायला धावतो. हावरट माणसाइतकाच व्यवस्थित माणूसही या सापळ्यात सापडतो.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त काकांच्या बाबतीत असंच घडलं. हिशेबाला इतके पक्के, की दुधाचं बिलसुद्धा तारखेनुसार फाइल करून ठेवतात. मला म्हणाले, "अहो, नंबर चुकलाय म्हणून तर दुरुस्त करायला गेलो!" लिंक उघडल्यावर खात्याच्या पानासारखं हुबेहूब पान आलं. त्यात पॅन, जन्मतारीख, बँकेचं कार्ड, त्याची मुदत सगळं भरलं आणि शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपीही टाकला. निवृत्तीच्या पैशांतले चार लाख ऐंशी हजार रुपये गेले. त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं, पण त्याकडे शेवटी येतो.

खरा रिफंड कसा येतो ते समजून घेऊ. आपण रिटर्न भरतो, ते पडताळून मान्य करतो. देशभरातली रिटर्नं तपासण्याचं केंद्र, ज्याला सीपीसी म्हणतात, ते आपल्याच शहरात आहे. तिथे तपासणी झाली की रिफंड थेट आपल्या खात्यात येतो, आणि तो पॅनशी जोडलेल्या व पोर्टलवर आपणच आधी प्रमाणित करून ठेवलेल्या खात्यातच येतो. त्यासाठी कार्डचा नंबर लागत नाही, पिन लागत नाही, फोनवर कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. खात्यात खरंच दुरुस्ती करायची असेल तर ती आपण स्वतः पोर्टलवर लॉगिन करून करायची असते.

आता कुणी म्हणेल, मग आलेले सगळे मेसेज पुसून टाकावेत. तसंही करून चालणार नाही, कारण खात्याकडून खरे मेसेजही येतात. रिटर्न तपासून झालं, माहिती जुळत नाही, नोटीस निघाली, हे सगळं एसएमएस आणि ई-मेलनेच कळतं. तेव्हा नियम एकच ठेवा. मेसेज वाचायचा, पण त्याने दाखवलेल्या दाराने जायचं नाही. आपल्या हाताने पत्ता टाइप करून इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल उघडायचं आणि आत बघायचं. मेसेज खरा असेल तर तीच गोष्ट तिथे दिसेल. दिसली नाही तर मेसेज खोटा.

नियमात काही बदल झाला की भामट्यांना नवं निमित्त मिळतं, हेही ध्यानात असू द्या. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पॅन २.०' योजनेला मंजुरी दिली आणि पाठोपाठ 'नवं पॅनकार्ड इथून डाउनलोड करा' असे बनावट ई-मेल सुरू झाले. वास्तविक जुनं पॅनकार्ड वैधच राहणार, असं सरकारने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. 'नव्या कायद्याप्रमाणे तुमची नोंदणी पुन्हा करा' असा फोन आला तर तो कुठून आला असेल, ते आता तुम्हीच ओळखा.

नोटिशीचा धाक

दुसरा प्रकार भीतीचा. "तुमच्या पॅनवर करचुकवेगिरीची केस आहे, आज पैसे भरले नाहीत तर अटक होईल." कधी बोलणारा इन्कमटॅक्सचा साहेब असतो, कधी पोलीस, कधी सीबीआय. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस आणि मागे सरकारी बोधचिन्ह दिसतं. घरातच कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवायचं आणि कुणाशी बोलू द्यायचं नाही, याला त्यांनी 'डिजिटल अरेस्ट' असं नाव दिलं आहे. आपल्या कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे देशाला सांगितलं.

इन्कमटॅक्स खात्याच्या कामाची पद्धत माहीत असली की निम्मी भीती जाते. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिशीवर, आदेशावर आणि पत्रावर दस्त क्रमांक घालण्याचा नियम आहे. त्याला डिन म्हणतात. पोर्टलच्या पहिल्याच पानावर नोटीस पडताळण्याची सोय आहे आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. हा क्रमांक घालून ती खात्याचीच आहे की नाही, हे कुणालाही बघता येतं. १३ ऑगस्ट २०२० रोजी 'फेसलेस' पद्धत जाहीर झाली. तेव्हापासून बहुतेक तपासणी पोर्टलवरूनच होते, अधिकारी आणि करदाता समोरासमोर येत नाहीत. त्यामुळे "साहेब माझ्या ओळखीचे आहेत, पन्नास हजारांत मिटवून देतो" असं म्हणणारा माणूस दारात आला, तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

कर भरायचा तो चलनाने, सरकारच्या खात्यात. कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर कर भरला जात नाही. नोटिशीला उत्तर द्यायला मुदत असते आणि ती मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. 'आत्ता, याच मिनिटाला, कुणाला न सांगता' असं ज्यात आलं, ती फसवणूक समजून फोन ठेवा. फोन ठेवणं हा उद्धटपणा नाही. आपण मराठी माणसं समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायला संकोचतो, आणि त्या सभ्यपणाचा हे लोक फायदा घेतात.

नावाची चोरी

आता तिसरा प्रकार. माझ्या मते हा सर्वांत वाईट. खिशातले पैसे गेले तर त्याच दिवशी कळतं. नाव चोरीला गेलं तर वर्ष-दोन वर्षं पत्ता लागत नाही, कारण आपल्याकडून तर काहीच गेलेलं नसतं!

पॅनचे दहा अक्षर-अंक. पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर 'पी' असेल तर तो व्यक्तीचा पॅन, आणि पाचवं म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर. एवढ्याशा ओळीवर आपलं उत्पन्न, कर्ज, गुंतवणूक सगळं बांधलेलं आहे. खात्याकडची आपली वार्षिक माहिती डाउनलोड केली की त्या फाइलचा पासवर्ड काय असतो? आपला पॅन आणि जन्मतारीख. आता विचार करा, पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात.

या झेरॉक्सवर काय काय होतं? पहिलं, कर्ज. मोबाइलवरून मिळणारी छोटी कर्जं पॅनच्या आधारावर दिली जातात. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की त्यांच्या पॅनवर कुणीतरी अडीच हजार रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यामुळे त्यांचा पतगुणांक घसरला. रक्कम क्षुल्लक, पण घराच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर तीच आडवी येते.

दुसरं, घरभाडं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की नोकरदाराला करसवलतीसाठी घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. काही जणांनी न दिलेलं भाडं दाखवून भलत्याच माणसाचा पॅन घरमालक म्हणून टाकला. २०२४ साली अशी प्रकरणं उजेडात आली. ज्याच्या मालकीचं एकही घर नाही, त्याला 'तुम्ही भाड्याचं उत्पन्न लपवलंत' असं विचारलं गेलं.

तिसरं, जीएसटी. दुसऱ्याचा पॅन आणि विजेचं बिल वापरून कागदोपत्री फर्म काढायची, खोटी बिलं फाडायची आणि गायब व्हायचं. १६ मे ते १५ जुलै २०२३ या दोन महिन्यांत सरकारने बनावट नोंदण्यांविरुद्ध देशभर खास मोहीम काढली होती. रोजंदारीवरच्या मजुरांना कोट्यवधींच्या उलाढालीबद्दल नोटिसा आल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

म्हणून झेरॉक्स देताना हात जरा आखडता घ्या. जिथे आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक पुरतात, तिथे 'मास्क्ड' आधार द्या. आधारच्या वेबसाइटवर तो मिळतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या आपल्या बेंगळुरू कार्यालयानेच आधारच्या झेरॉक्स जपून देण्याबद्दल पत्रक काढलं होतं. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं आणि नेहमीचं तारतम्य पाळा, असं सांगण्यात आलं. हे तारतम्य म्हणजे काय? झेरॉक्सवर मजकुरावरून जाईल अशी तिरपी ओळ लिहायची : 'फक्त अमुक घराच्या भाडेकरारासाठी', खाली तारीख आणि सही. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात ई-मेलने कागद पाठवला असेल, तर काम झाल्यावर तो तिथून पुसायला सांगायचा. प्रिंट बिघडली म्हणून टाकलेला कागद मागून घ्यायचा. आणि मालकाने मागितलं म्हणून घरातल्या पाचही जणांचे पॅन द्यायचे नाहीत. भाडेकरार ज्याच्या नावावर, त्याचेच कागद.

आपणच दिलेली किल्ली

आता थोडं कडू बोलतो. तरुण सभासदांनी विशेष लक्ष द्यावं. काही वेळा आपलं नाव चोरीला जात नाही, आपणच ते दुसऱ्याच्या हाती देतो.

ऑफिसात कुणीतरी सांगतो, "माझा माणूस आहे, हमखास रिफंड काढून देतो. जेवढा निघेल त्याचे दहा टक्के त्याचे." आपण त्याला पॅन, पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी देतो. तो रिटर्नमध्ये नसलेलं घरकर्ज, न दिलेली देणगी, न भरलेला विमा टाकतो. पैसे येतात. आपण खूश, तो खूश. एप्रिल २०१८ मध्ये सीपीसीने नोकरदारांना नेमका याविरुद्ध इशारा दिला होता. १४ जुलै २०२५ रोजी तर इन्कमटॅक्स खात्याने अशा दलालांच्या देशभरातल्या १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्नं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या वेळी सांगितलं.

त्याच निवेदनात आणखी एक बाब होती. हे दलाल रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडतात आणि नंतर ते सोडून देतात. खात्याची नोटीस त्या बेवारस पत्त्यावर जाते. करदात्याला तिचा पत्ताच नसतो, आणि मुदत निघून जाते. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. तीन वर्षांच्या नोटिसा पडून होत्या. पोर्टलवर त्याच्या नावापुढे ई-मेल कुणाचा, मोबाइल कुणाचा, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. खोटी माहिती देऊन कर बुडवला असं ठरलं, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसतो, वर कर आणि व्याज वेगळं. हा दंड दलालाला नाही, रिटर्न ज्याच्या नावाचं त्याला. त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि घरासाठी साठवलेले पैसे यात चालले होते. "सर, मी तर फक्त ओटीपी दिला," असं तो म्हणत होता. कायद्याच्या दृष्टीने ओटीपी ही सहीच आहे.

आपल्या बाप्पाचीच गोष्ट आठवा. महाभारत लिहून घ्यायला व्यासांना लेखनिक हवा होता. गणपतीने अट घातली, सांगताना थांबायचं नाही. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. प्रत्यक्ष बुद्धीच्या देवतेला ही अट लागू होती, तर आपण न वाचता रिटर्नवर मान्यता कशी देतो? सल्लागार जरूर ठेवा, नाहीतर आमचं कसं चालायचं! पण रिटर्न पाठवण्याआधी त्याची प्रत मागा, प्रत्येक वजावटीचा कागद आपल्याकडे आहे ना ते बघा. पासवर्ड आपला आपल्याकडे ठेवा. सल्लागाराची फी ठरावीक असावी, रिफंडाच्या टक्क्यांवर ठरणारी नसावी. पूर्वी कुणाचं असं रिटर्न गेलं असेल, तर 'अपडेटेड' रिटर्नची सोय २०२२ पासून आहे. जादा कर भरावा लागतो, पण स्वतःहून पुढे गेलेलं केव्हाही बरं.

वर्षातून एक दिवस

नाव चोरीला गेलेलं आपोआप कळत नाही, म्हणून ते आपणच तपासायचं असतं. आपण घराची झाडझूड गणपतीच्या आधी करतो ना, त्यातच या कामाचा एक दिवस धरा. एकूण दोन तास लागतील.

१. पोर्टलवर लॉगिन करून आपल्या माहितीत मोबाइल आणि ई-मेल आपलाच आहे ना ते पाहा. तिथेच 'ई-फाइलिंग व्हॉल्ट' नावाची सोय आहे. ती चालू केली की नुसत्या पासवर्डवर कुणाला आत जाता येत नाही.

२. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय आहे. व्याज, लाभांश, भाडं, शेअर, मालमत्तेचे व्यवहार, आपल्या पॅनवर नोंदलेलं सगळं त्यात दिसतं. जी नोंद आपली नाही, तिच्यासमोर 'ही माहिती माझी नाही' असा अभिप्राय तिथल्या तिथे नोंदवता येतो.

३. पत अहवाल मागवा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला तर वर्षभर पहारा राहतो. न घेतलेलं कर्ज दिसलं की लगेच तक्रार करा. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून लागू केला.

४. जीएसटीच्या वेबसाइटवर पॅनवरून शोध घ्या. आपल्या नावावर नोंदणी निघालेली असेल तर दिसते.

५. 'संचार साथी' वर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा. जे आपलं नाही ते तिथेच कळवा. आधारचे बोटांचे ठसेही कुलूपबंद ठेवता येतात. लागतील तेव्हा उघडायचे.

हेच सगळं गावी असलेल्या आई-वडिलांसाठीही करा. दिवाळीला जाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसून, त्यांना दाखवत दाखवत करा.

घडलंच तर

इतकं करूनही घडलंच, तर पहिला फोन १९३० वर. हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत असतो. तो कुणी काढून घेण्याआधी कळवलं तर मधल्या बँकेला तो रोखता येतो. इथे तासांना नव्हे, मिनिटांना किंमत आहे. लगोलग आपल्या बँकेला कळवा, कार्ड बंद करा, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं तत्त्वही हेच आहे, की ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ महत्त्वाची. नावाचा गैरवापर होऊन नोटीस आली असेल तर पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत जोडून मुदतीत उत्तर द्या. 'मी काही केलं नाही, मग उत्तर कशाला,' असं म्हणून गप्प बसणं फार महागात पडतं. आणखी एक : 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा,' असा फोन काही दिवसांनी येईल. तो बहुधा त्याच टोळीचा असतो.

आता त्या काकांकडे येतो. पैसे गेले त्या दिवशी त्यांना कळलं होतं. पण त्यांनी चार दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. का? "मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, आयुष्यभर सगळ्यांना हिशेब शिकवला आणि..." पाचव्या दिवशी काकूंनी विचारून विचारून काढून घेतलं, तेव्हा पैसा कुठल्या कुठे गेला होता. याच्या उलट, आपल्याच एका वहिनींनी असा प्रसंग आल्यावर वीस मिनिटांत १९३० ला फोन लावला. त्यांच्या रकमेतला मोठा भाग बँकेतच अडकला आणि पुढे परत मिळाला. दोघांनाही फसवलं गेलं होतं. फरक पडला तो फक्त कळवण्याच्या वेळेत, आणि काकांना ती वेळ लाजेमुळे साधता आली नाही.

म्हणून घरातल्या तरुण मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. आई-बाबांनी, सासू-सासऱ्यांनी असं काही सांगितलं तर "तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं" हे वाक्य त्या वेळी तोंडातून काढू नका. आधी फोन लावा. बोलायचं ते नंतर. एकदा रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. आणि ज्येष्ठांना सांगतो, फसवलं गेलेल्याने मान खाली घालायचं कारण नाही. मान खाली घालायची ती फसवणाऱ्याने.

मंडळाला एक सूचना करून थांबतो. आपण रक्तदानाची यादी करतो, तशी चार-पाच जाणत्या सभासदांची यादी करू या. मेसेज खरा की खोटा, एवढं विचारायला कुणालाही, कोणत्याही वेळी फोन करता आला पाहिजे. परक्या गावात मंडळ कशासाठी असतं? गणपती बसवायला तर असतंच, पण अडल्या वेळी विचारायला आपलं माणूस असावं म्हणूनही असतं. त्या यादीत माझं नाव पहिलं घाला.

विघ्नहर्ता आपल्या पाठीशी आहेच. पण ओटीपी आपल्या मोबाइलवर येतो, त्याच्या नव्हे. तो आपणच सांभाळायला हवा.

 चला, आरतीची वेळ झाली.

गणपती बाप्पा मोरया!